आई-वडिलांना अमेरिकेतली वाळवंटी राष्ट्रीय उद्यानं (कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, जमल्यास यूटामधली आर्चेससुद्धा) दाखवायची आहेत. दहा-बारा जणांची गाईडेड टूर घ्यावी की भाड्याच्या गाडीने स्वतः फिरावं?

टूर घ्या. "गाईडला कशाला पैसे घालायचे, फोनमध्ये सगळं असतं" असं घरात कुणी म्हणालं तरी घ्या. हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय, म्हणूनच लिहायला बसले.

वाक्य माझ्या दिरांचं. त्यांच्याच भरवशावर आम्ही पहिल्यांदा डेथ व्हॅलीला गेलो, भाड्याच्या छोट्या गाडीने. फोनने जवळचा म्हणून दाखवलेला रस्ता पुढे नुसत्या खडीचा निघाला, टायर फाटला आणि रेंज गायब. सासूबाई दोन तास गाडीच्या सावलीला बसून होत्या. शेवटी एका जीपवाल्याने सोडवलं. आमच्याकडे ही गोष्ट आजही "काय मजा आली होती" म्हणून सांगतात. मला आली नव्हती. सासूबाईंनाही नाही.

बाबा भारतातून आले तेव्हा मी कुणालाही न विचारता लास व्हेगासहून निघणारी चार दिवसांची टूर बुक केली. मार्च महिना, एक व्हॅन, अकरा माणसं, डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री. बाबांनी बार्शीला तीस वर्षं भूगोल शिकवलाय. इंग्रजी बोलायला बिचकतात, त्यामुळे पहिला दिवसभर गप्प होते.

डेथ व्हॅलीतल्या मेस्किट फ्लॅटच्या वाळूत गाईडने काठीने आकृती काढली: इकडे पॅसिफिक, मध्ये सिएरा नेवाडा आणि आणखी डोंगररांगा, पलीकडे ही दरी. ढग डोंगरांवरच रिकामे होतात, म्हणून इथे वर्षाला जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस. बाबा पुढे झाले, काठी मागितली आणि शेजारी अरबी समुद्र, सह्याद्री, महाबळेश्वर आणि बार्शी काढून मोकळे झाले. "सेम. माय टाऊन." पर्जन्यछायेचा प्रदेश! गाईड बाजूला झाला आणि म्हणाला, आता तुम्हीच सगळ्यांना समजावून सांगा. बाबांनी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण वर्गात सांगायचे तसंच.

दुसऱ्या दिवशी बॅडवॉटरला, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, मिठावर उभं असताना त्याने विचारलं, जगात सर्वाधिक तापमान कुठे नोंदलंय? बाबा ताडकन म्हणाले, लिबिया, अल अझिझिया, १९२२, ५८ अंश. गाईड म्हणाला, २०१२ पर्यंत तुमचं उत्तर बरोबर होतं. त्या वर्षी जागतिक हवामान संघटनेने ती नोंद बाद केली. आता मान आहे तो इथल्याच फर्नेस क्रीकचा, १० जुलै १९१३, ५६.७ अंश. बाबांनी रात्री हॉटेलवरून त्यांच्या जुन्या सहकारी सरांना फोन लावला, का तर आपण मुलांना इतकी वर्षं चुकीचं शिकवलं! जोशुआ ट्रीमध्ये तर ज्या झाडावरून उद्यानाला नाव पडलं ते झाड म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातलं, हे कळल्यावर त्यांना तिथून हलवणं कठीण झालं.

भाऊजी म्हणाले, हे सगळं नेटवर आहे. असेल. पण भर वाळवंटात बाबांच्या हाती काठी देऊन त्यांना पुन्हा शिकवायला कोण लावणार होतं?

बुक करताना गटात जास्तीत जास्त किती माणसं आणि रोज किती चालणं, हे लेखी मागा. चाळीस जणांच्या बसची टूर मी यात धरतच नाही. डेथ व्हॅलीतला डांटेज व्ह्यू आवर्जून असावा, गाडी थेट वर जाते आणि अख्खी दरी खाली दिसते. तुम्ही यूटाचंही विचारलंय: आर्चेसमध्ये डेलिकेट आर्च या दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन जवळजवळ ५ किलोमीटर, चढाची आणि बिनसावलीची आहे. गुडघे दुखत असतील तर पायथ्याच्या व्ह्यूपॉइंटवरूनच बघा.

हो, चौघं असाल तर गाडी स्वस्त पडते, हे मान्य. गाडीनेच जायचं ठरलं तर डांबरी रस्ता सोडू नका, कागदी नकाशा ठेवा आणि माणशी रोजचं चार लिटर पाणी घ्या. जुलै-ऑगस्टची तिकिटं आधीच काढली असतील तर डेथ व्हॅली या खेपेला राहू द्या. तेव्हा तिथे दुपारी पारा सहसा ४५ च्या वर असतो.