वास्तुसल्ला : हक्कांचे संग्रहालय आणि त्याची इमारत

प्रश्न : चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि चरीचा शेतकरी संप या विषयांवर महाड परिसरात एक छोटे मानवी हक्क संग्रहालय उभारण्याचा आमच्या मंडळाचा विचार आहे. अमेरिकेतील अटलांटा येथील नागरी व मानवी हक्क केंद्राची छायाचित्रे पाहून काही सभासद तशीच वक्राकार, प्रतीकात्मक इमारत हवी असा आग्रह धरत आहेत. आपले मत कळवावे. (एक वाचक, महाड)

उत्तर : अटलांटाची ती वास्तू २०१४ साली खुली झाली. फिल फ्रीलॉन या वास्तुरचनाकाराने तिचे दालन दोन वक्र भिंतींच्या कवेत बसवले आहे आणि ती देखणी आहे, यात वाद नाही. परंतु तिथे जाऊन आलेली माणसे भिंतींपेक्षा आतल्या एका साध्या काउंटरविषयी अधिक बोलतात. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थी शांतपणे बसून राहत, त्याचा हा अनुभव आहे : प्रेक्षकाने स्टुलावर बसायचे, कानाला हेडफोन लावायचे, दोन्ही तळहात काउंटरवर टेकवायचे, मग कानात शिव्या आणि धमक्या सुरू होतात, बसलेले स्टूल हादरते. बरेच जण मध्येच उठतात. मेम्फिसमध्ये तर मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ मध्ये जिथे हत्या झाली, ते लोरेन मोटेलच जपून त्याचे संग्रहालय केले आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आधी प्रेक्षकाची वाट आखावी आणि इमारतीचा आकार त्यानंतर ठरवावा. अर्थ सांगायला पाटी लावावी लागते, अशा आकारावर मंडळाने वर्गणीचे पैसे घालू नयेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यापाशी गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मूळ कृती एवढीच होती. तेव्हा आपली वाट दालनांतून फिरून शेवटी तळ्याच्या पायऱ्यांकडेच नेणारी असावी. तळ्याची प्रतिकृती मात्र करू नये, कारण खरे तळे गावातच आहे.

चरीचे काम अधिक अवघड आहे, कारण १९३३ ते १९३९ या काळात तिथल्या कुळांनी खोतांची शेती न करणे हाच लढा होता, आणि न केलेली गोष्ट दाखवायची कशी? अंगणालगत एखादे खाचर मुद्दाम पडीक ठेवावे. पावसाळ्यात त्यात गवत माजेल, ते माजू द्यावे.

बांधकाम जांभ्याचेच करावे, परंतु उघडा जांभा पाणी पितो, म्हणून उतरते कौलारू छप्पर, लांब पागोळ्या आणि भोवती पडवी हवीच. मोठमोठ्या काचा टाळाव्यात. सावित्रीच्या जुलै २०२१ च्या पुराने महाडची काय अवस्था केली ते आपणास ठाऊकच आहे. त्यामुळे कागदपत्रांची खोली वरच्या मजल्यावर घ्यावी आणि नकाशा काढण्यापूर्वी पुराची रेषा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून जागेवर आखून घ्यावी.