हृदय सुधारलं, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : वय ४६. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलं होतं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हतं, हृदयाचा स्नायू कमजोर झालाय असं सांगितलं. आता टूडी इकोत पंपिंग ५५ टक्के आहे, दम लागत नाही, शेतातली कामं करतो. रोजच्या पाच गोळ्या आता बंद केल्या तर? – एक वाचक, जि. सातारा

बंद करू नका. इको छान आलाय तो या गोळ्या चालू असताना आलाय, हे आधी लक्षात घ्या. पंप कमजोर झाला की शरीर ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं वाढवून त्याला दामटवत राहतं आणि त्यातच स्नायू आणखी झिजतो. गोळ्या हे दामटणं रोखून धरतात.

नेमक्या तुमच्यासारख्याच रुग्णांवर लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण ५१, पंपिंग पन्नाशीच्या वर, त्रास काही नाही. त्यांतल्या २५ जणांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या नजरेखाली काढल्या. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. नंतर या दुसऱ्या गटाच्याही गोळ्या काढून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातही आजार परतलाच. उपचार पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकजण सावरले, पण कोणाचा आजार उलटणार हे आधी ओळखता आलं नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात अडचणीची वाटते. शिवाय तिथे वरचेवर तपासणी होत होती. आपल्याकडे माणूस गोळ्या सोडतो आणि थेट पाय सुजल्यावर दवाखान्यात येतो.

म्हणजे पाचही गोळ्या जन्मभर, आहे तशाच? तसंही नाही. त्यात लघवीची गोळी असेल तर सूज नसताना ती कमी करता येते, कधी थांबवताही येते. ती अंगातलं जादा पाणी काढण्यापुरती असते. दारू, थायरॉइड किंवा सतत धडधडणारं हृदय अशा कारणाने स्नायू कमजोर झाला असेल आणि ते कारण पुरतं मिटलं असेल, तर बाकीच्या गोळ्यांचाही विचार होतो. पण तो तुमच्या डॉक्टरांनी, एकेक गोळी कमी करत आणि इको पाहत करायचा. चक्कर येत असेल तर वेळा बदलून किंवा डोस कमी करून बघता येतं. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम अधूनमधून तपासत राहा. आणि हा आजार काही घराण्यांत चालत येतो, म्हणून सख्ख्या भावंडांचा नि मुलांचा इको एकदा करून घ्या. हे कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रश्न : बाबांना १४ महिन्यांपूर्वी ॲटॅक आला, स्टेंट बसवला. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून त्यांनी ती गोळी स्वतःच सोडली. आता दाढ काढायची आहे, तर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद ठेवायच्या का? – एक वाचक, नाशिक

आधी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा. रिपोर्ट नॉर्मल आला तो तिच्यामुळेच. शिवाय ॲटॅक येऊन गेलेल्याने लॅबच्या कागदावरचं ‘नॉर्मल’ बघायचं नसतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली ठेवायचं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या ॲटॅकनंतर साधारण १२ महिने देतात, पुढे बहुधा एकच राहते. बाबांची ती वेळ झाली आहे, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. दोन्ही एकदम बंद, असं कधीच करायचं नाही. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. एका दाढेसाठी गोळी सहसा थांबवावी लागत नाही, फक्त दंतवैद्यांना आधी सांगा.

प्रश्न : ॲटॅकला तीन वर्षं झाली, पंपिंग ६० टक्के. मेटोप्रोलॉलने गळून गेल्यासारखं होतं. ती जन्मभर घ्यायची का? – एक वाचक, पुणे

इथे मात्र तुमच्या शंकेत दम आहे. मेटोप्रोलॉल ही ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी. पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांना ॲटॅकनंतर ती द्यावी का, याबद्दल डॉक्टरांतच मतभेद आहेत. २०२४ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये चालू असलेली गोळी थांबवून पाहिली, तेव्हा ‘थांबवलं तरी तेवढंच सुरक्षित’ असं सिद्ध झालं नाही. २०२५ मध्येही स्पेन-इटलीचा निष्कर्ष एक आणि डेन्मार्क-नॉर्वेचा दुसरा. माझं मत सांगतो : बीपी, छातीत दुखणं किंवा अनियमित ठोके यांसाठी ती चालू नसेल आणि त्रास होत असेल, तर डॉक्टरांशी थांबवण्याबद्दल जरूर बोला. पण आजपासून एकदम बंद नको. काही आठवड्यांत डोस उतरवत आणायचा, नाहीतर ठोके आणि बीपी उसळतात.

प्रश्न : बाळंतपणानंतर मुलीचं हृदय कमजोर झालं होतं, आता नॉर्मल आहे. दुसरं मूल हवंय. गोळ्या कधी थांबवायच्या? – एक आई, कोल्हापूर

दिवस राहण्याआधी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल यांसारख्या गोळ्या बाळाला घातक असतात, त्या आधीच थांबवाव्या लागतात. थांबवल्यावर काही महिन्यांनी पुन्हा इको करून पंपिंग टिकलंय का ते बघतात. टिकलं तरी दुसऱ्या खेपेला आजार परतण्याची शक्यता उरतेच. नाही टिकलं तर गरोदरपण टाळायचा सल्ला देतात. हा निर्णय होईपर्यंत तांबी बसवून घेणं बरं.