अमेरिकेतल्या वंशभेदावरच्या चर्चा-बैठकीला आपण भारतीयांनी जावं का? गेलो तर काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की सिॲटलजवळ राहायला येऊन तुम्हाला फार दिवस झालेले नाहीत. गावच्या लायब्ररीत वंश, ओळख आणि सामाजिक न्याय या विषयांवर दर महिन्याला बैठक भरते आणि शेजारीण आग्रहाने बोलावतेय. तुमचा प्रश्न असा: हे काळ्या-गोऱ्यांचं जुनं भांडण, आपण काल आलेले, आपला काय संबंध? आणि गेलोच तर बोलायचं काय?

जा. मी याच भागात बरीच वर्षं राहते, अशा बैठकांना जाते, काही चालवायलाही हातभार लावते. आपला संबंध काय ते आधी सांगते, कारण तो कळला की काय बोलावं हेही बरंचसं उलगडतं.

१९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टात एका भारतीयाचा खटला गाजला. भगतसिंग थिंद हे पंजाबातून आलेले शीख गृहस्थ, पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व मिळायचं ते ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला. थिंद यांच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा की हे उच्चवर्णीय हिंदू आहेत (सगळ्याच भारतीयांना तेव्हा इथे हिंदू म्हणत), आर्य वंशाचे आहेत, म्हणजे गोरेच. इथला माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे जसा बघतो तसाच उच्चवर्णीय हिंदू तिकडच्या मूळनिवासींकडे बघतो, असंही त्या युक्तिवादात होतं. कोर्टाने एकमताने तो फेटाळला आणि नंतर कितीतरी भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. मला या खटल्यात निकालापेक्षा तो युक्तिवाद जास्त महत्त्वाचा वाटतो. वंशभेदाच्या दारातून आत शिरायला आपल्या माणसाने जात पुढे केली, आणि दार तरीही उघडलं नाही.

१९४६मध्ये कायदा जरा सैल झाला, पण भारतासाठी वर्षाला जागा किती, तर १००. तुम्ही-आम्ही आलो ते १९६५च्या कायद्यामुळे. त्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. तो कुठल्या दिवसांत झाला ते बघा: १९६४ला नागरी हक्कांचा कायदा, ऑगस्ट १९६५ला मतदानाच्या हक्काचा, आणि त्याच ऑक्टोबरात हा. वंश बघून माणसाला अडवणं अन्याय आहे, हे या देशाच्या गळी उतरवताना कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, माणसं गमावली. आणि हे सगळं घडलं ते अशाच बैठकांतून. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस टिकला, तो चर्चमधल्या खच्चून भरलेल्या सभांच्या बळावर. तिथल्या बसमध्ये रोझा पार्क्स डिसेंबर १९५५मध्ये गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठल्या नाहीत, त्यातून तो सुरू झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलच्या कार्यशाळेत बसल्या होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. तिथे काळे आणि गोरे एका टेबलाशी जेवत आणि शाळांमधला वर्णभेद कसा मोडायचा यावर बोलत. दक्षिणेत त्या काळी एवढ्यालाही धाडस लागायचं.

म्हणून ‘आम्हीही हातात काही नसताना आलो, मेहनतीने वर आलो, मग यांना का जमत नाही?’ हे वाक्य बैठकीत बोलू नका. एखादा भारतीय ते बोलतोच, आणि खोलीतल्या कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे बंद होतात. वाक्य उद्धट आहेच, शिवाय खोटं आहे. आपल्याला व्हिसा मिळतो तो पदवी बघून. बहुतेकांच्या मागे शिकलेलं घर असतं आणि सरकारच्या पैशावर चाललेलं कॉलेज असतं. असे निवडून, पारखून घेतलेले लोक एका बाजूला, आणि अडीचशे वर्षं गुलामीत ठेवून नंतर घर घेऊ न दिलेले लोक दुसऱ्या बाजूला. तुलना कसली करणार?

घराचं म्हणाल तर ते इथलंच आहे, दक्षिणेतलं नाही. सिॲटल आणि आसपासच्या कितीतरी वस्त्यांच्या खरेदीखतात छापील अट असायची: गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय इथे कुणी राहायचं नाही, घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. १९४८मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत. पण १९६४ला घरांच्या बाबतीत भेदभाव बंद करायचा ठराव सिॲटलच्या मतदारांपुढे आला, तेव्हा तो दोनास एकपेक्षा जास्त मतांनी पडला. मंजूर झाला तो एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर. बैठकीत हा विषय निघाला तर आपल्या घराचं जुनं खत काढून बघा. वॉशिंग्टन विद्यापीठाने या अटी शोधून नकाशावर मांडल्या आहेत, आणि अट सापडली तर ती रद्द असल्याची नोंद काउंटीत करता येते. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यातून बोलणं कागदावर उतरतं.

आता बैठक कशी चालते ते. खुर्च्या गोलात असतात. सुरुवातीला बहुधा सांगितलं जातं की ही जमीन दुवामिश आणि इतर मूळ रहिवाशांची आहे. मग नियम: स्वतःच्या अनुभवातून बोला, कुणाला मध्येच तोडू नका, इथलं व्यक्तिगत बोलणं बाहेर नेऊ नका. एखादा लेख किंवा छोटी चित्रफीत, मग दोघा-दोघांत ठरावीक मिनिटं बोलणं. त्यात एक बोलताना दुसऱ्याने फक्त ऐकायचं, मानही फार डोलवायची नाही. हे आपल्याला जड जातं. आपल्याकडे चर्चा म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू. पहिल्या खेपेला नुसतं ऐकलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही.

काही ठिकाणी मध्येच दोन गट करतात, गोरे एका खोलीत आणि गोरे नसलेले दुसऱ्या. याला कारण आहे. कृष्णवर्णीय माणसाला दर वेळी गोऱ्यांचा शिक्षक व्हावं लागतं, त्यांच्या पश्चात्तापाचे अश्रू पुसावे लागतात. त्यातून त्याला थोडी मोकळीक मिळते. तुम्ही दुसऱ्या खोलीत जाल. आणि मला तुम्हाला जे सांगायचंय ते त्या खोलीबद्दलच आहे.

मी नागपूरची. माझे आजी-आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. त्या दुसऱ्या खोलीत माझ्या शेजारी कधीकधी मराठी मंडळात भेटलेलं कुणीतरी बसलेलं असतं. मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला विचारलेलं असतं, ‘नागपुरात नेमकं कुठे?’, मग ‘कुलदैवत कोणतं?’, आणि उत्तर कळल्यावर गप्पा पटकन आवरत्या घेतलेल्या असतात. इथे मात्र सूत्रधार बाईंच्या लेखी आम्ही दोघं एकाच रंगाचे, एकाच दुःखाचे. विमानतळावर बाजूला घेतात, मीटिंगमध्ये उच्चाराला हसतात, हे दोघांच्याही वाट्याला येतं आणि त्यावर आम्ही दोघं बोलतो. पण ते गृहस्थ तेवढ्यावरच थांबले तर मला तोंड उघडणं अशक्य होतं. मी जातीचं नाव काढलं तर ‘भारताची बदनामी’ होते, नाही काढलं तर अर्धी मी त्या खोलीबाहेर राहते.

तर तुम्ही काय बोलायचं? सावळ्या रंगाचं जे सोसलं ते जरूर सांगा. पण त्याच दमात घरी आपण कुठल्या पायरीवर होतो तेही सांगा. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता का? भाड्याने घर देताना आडनाव विचारलं जायचं का? कॉलेजात राखीव जागेवर आलेल्या मुलाबद्दल मित्रांत काय बोललं जायचं? आणि तुम्ही माझ्यासारख्या घरातले असाल तर, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा, सक्ती कुणाचीही नाही. जात सोसलेली असो की उपभोगलेली, ती सांगितली की समोरच्या कृष्णवर्णीय आजीबाईंना तुमच्याशी बोलायला काहीतरी खरं मिळतं. मी हे कितीदा पाहिलंय. त्यांना आपली सहानुभूती नको असते. पिढ्यान्‌पिढ्या एका माणसाने दुसऱ्याला खाली ठेवण्याची व्यवस्था आतून कशी चालते, हे सांगणारं कुणी हवं असतं.

आणि हे नातं काही मी जोडत नाहीये. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांच्या गुलामीविरुद्ध कष्ट उपसले; आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छाही तिथे लिहिली. बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, ते न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागूनच. जुलै १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली, आणि त्याच महिनाअखेरीस दु बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. मराठी माणूस या चर्चेत दीडशे वर्षं आहे. तुम्ही लायब्ररीत परके म्हणून जाणार नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेने भेदभावबंदीच्या कायद्यात जात हा शब्द घातला, सहा विरुद्ध एक मतांनी. अमेरिकेतलं हे असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. तेव्हा आपल्यातच उभी फूट पडली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच विधेयक राज्यपालांनी नाकारलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की यामुळे प्रत्येक हिंदूकडे संशयाने पाहिलं जाईल. ही भीती मी ऐकून घेते, पण मला ती पटत नाही. वंशभेदाविरुद्धच्या कायद्याने प्रत्येक गोरा गुन्हेगार ठरला नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तक्रार करायला जागा मिळाली, एवढंच.

नुसत्या बोलण्याने काय होतं, असं तुम्हाला वाटेल. या भागातल्या जपानी कुटुंबांचं उदाहरण देते. आज जिथे बेलव्ह्यूच्या काचेच्या इमारती आहेत तिथे आसपास त्यांची स्ट्रॉबेरीची शेतं होती. जपानशी युद्ध चालू असताना, १९ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक. सिॲटलच्या लोकांना आधी प्युआलपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं होतं. सुटून आल्यावर तीस-तीस वर्षं आईवडील मुलांशी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मग नोव्हेंबर १९७८मध्ये सिॲटलहून गाड्यांचा ताफा काढून २,०००हून अधिक लोक त्याच मैदानात जमले आणि कुटुंबं पहिल्यांदा उघडपणे बोलली. १९८१मध्ये सरकारी आयोगापुढे ठिकठिकाणी ७५०हून अधिक साक्षी झाल्या. १९८८च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. आधी बोलणं फुटलं, मग कायदा झाला. त्या आदेशाचा स्मृतिदिन आजही १९ फेब्रुवारीला पाळतात. आपली शिवजयंती त्याच दिवशी असते. मंडळाचा कार्यक्रम आटोपून किंवा त्याआधी एकदा तिकडेही जाऊन या.

सगळ्या बैठका अशा फळत नाहीत, हेही खरं. २०२०मध्ये पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर खुर्च्या पुरत नव्हत्या, आता तीच ठरावीक माणसं येतात. काही ठिकाणी वर्षानुवर्षं भावना व्यक्त होतात आणि शाळेच्या शिस्तीचे नियम, पोलिसांचं बजेट, घरांचे कागद यांना कुणी हात लावत नाही. शेजारणीला सरळ विचारा, या बैठकीतून आजवर कोणतं काम निघालं? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरा गट शोधा. या भागात गटांची वाण नाही.

आणि एक पाळाच. त्या खोलीत दुसरं कुणी मराठी दिसलं, आणि त्या व्यक्तीने आपली जात सांगितली नाही, तर आडनाव, गाव, कुलदैवत यांतलं काहीही विचारू नका. चहाच्या वेळीसुद्धा नाही. कितीजण इथे ऑफिसात कळू नये म्हणून वर्षानुवर्षं जपून राहतात, आणि बाहेर पडलेली एक गोष्ट त्यांच्या टीममध्ये पोचायला वेळ लागत नाही. तुम्ही फक्त तुमचं सांगा. तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल, कदाचित तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, कदाचित कधीच नाही.