ऑफिस नवं, खातं मात्र जुनंच

प्रश्न : ऑफिस काढून पुन्हा टाकलं, तरी क्लासिक आउटलुक (ऑफिससोबतचं मेलचं सॉफ्टवेअर) जुनंच खातं उघडतं, पासवर्ड मागत राहतं. काय करू? – एक वाचक, वाशी

उत्तर : ऑफिस काढलं तरी आउटलुकचं प्रोफाइल (खात्याच्या सेटिंग्जचा संच) विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, तसंच राहतं, कितीदाही टाका, फरक पडणार नाही. आधी आउटलुक बंद करून डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मधली पीएसटी फाइल (आउटलुक मेल साठवतं ती) पेनड्राइव्हवर घ्या. पॉप खातं (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवणारं) असेल तर जुन्या मेल बहुधा तिच्यातच असतात. मग कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’ उघडा (दिसत नसेल तर ‘स्मॉल आयकॉन्स’ निवडा), ‘शो प्रोफाइल्स’मध्ये नवं प्रोफाइल करा. ते नीट चाललं की मगच जुनं काढा. कंट्रोल पॅनेलमधल्याच क्रेडेन्शियल मॅनेजरमधले (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) ऑफिसचे जुने पासवर्डही पुसा. पासवर्डची मेख बहुतेकदा तिथेच असते.