होमिओबॉक्स: 'समपेटी' का नको?

होमिओबॉक्स म्हणजे अनेक जनुकांत जवळजवळ सारखाच सापडणारा डीएनएचा तुकडा. प्रश्न असा आहे: तो असलेल्या 'होमिओबॉक्स जनुका'ला मराठीत 'समपेटी जनुक' म्हणावं का? आणि होमिओबॉक्स, होमिओटिक, हॉक्स हे शब्द एकमेकांऐवजी चालतात का?

'समपेटी' नको. त्यातली दोन्ही पदं चुकतात.

ग्रीक 'होमो' म्हणजे तोच, 'होमिओ' म्हणजे सारखा. 'सम' आपण आधीच 'होमो'साठी वापरतो ('होमोझायगस' म्हणजे समयुग्मजी). शिवाय इथला 'होमिओ' हे बॉक्सचं विशेषणच नाही. एका अवयवाच्या जागी त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अवयवाचं रूप येणं, याला जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये 'होमिओसिस' म्हटलं. फळमाशीत अँटेनापीडिया हे जनुक छातीच्या भागात चालायला हवं. बिघाडामुळे ते डोक्यातही चालू झालं, तर शृंगिकेच्या (अँटेनाच्या) जागी पाय उगवतो. असा पालट ज्यांच्या बिघाडाने होतो ती जनुकं होमिओटिक. होमिओबॉक्समध्ये हा 'होमिओटिक' आखडून बसला आहे.

'बॉक्स' म्हणजे पेटी नव्हे, चौकट. जनुकांचे अनुक्रम एकाखाली एक मांडून जुळणाऱ्या अक्षरांभोवती आखतात तशी. 'टाटा बॉक्स'मधला बॉक्सही हाच (जनुकाच्या सुरुवातीजवळचा डीएनएचा एक तुकडा; टाटा म्हणजे टी-ए-टी-ए ही डीएनएची अक्षरं). स्वित्झर्लंडमध्ये बाझलला जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात, १९८३-८४ च्या सुमारास, माशीच्या वेगवेगळ्या जनुकांत जवळजवळ सारखाच तुकडा सापडला. तीच ही चौकट, होमिओबॉक्स. लांबी सुमारे १८० बेस-जोड्या (बेस म्हणजे डीएनएचं अक्षर). तीन बेसना एक या हिशेबाने त्यातून ६० अमिनो आम्लांचा होमिओडोमेन बनतो. प्रथिनाचा हा भाग डीएनएला धरतो आणि प्रथिन इतर जनुकं चालू-बंद करतं. म्हणून 'हे जनुक पाय बनवतं' असं लिहू नये. ते पाय बनवणाऱ्या जनुकांना हुकूम देतं.

आता शब्दांची अदलाबदल. होमिओबॉक्स हे रचनेवरून पडलेलं नाव, होमिओटिक हे परिणामावरून. हॉक्स हा होमिओबॉक्स जनुकांतला एक छोटा गट: माणसात ३९, चार गुणसूत्रांवर चार पुंजक्यांत. पुंजक्यातला क्रम आणि भ्रूणात डोक्याकडून शेपटीकडे ती जिथे कामाला लागतात तो क्रम जुळतो. डोळ्याच्या घडणीतल्या पॅक्स-६ या जनुकात ही होमिओबॉक्सची चौकट आहे, पण ते हॉक्स नाही. माशीतलं फुशी ताराझू हे जनुक तर हॉक्स पुंजक्यातच बसतं, त्यात चौकटही आहे, तरी ते होमिओटिक नाही: ते निकामी झालं तर शरीराचे एकाआड एक खंड गळतात, एकाचं दुसरं होत नाही. जपानीत 'फुशी' म्हणजे बांबूचं पेर. 'पेरं कमी पडली' हे त्या नावाचं मराठी मला फार आवडतं, कारण उसापासून बोटापर्यंत आपलाही शब्द तोच आहे.

'होमिओबॉक्समध्ये बिघाड' आणि 'होमिओबॉक्स जनुकात बिघाड' यांतही फरक ठेवा. माणसाच्या हॉक्स-डी१३ मध्ये चौकटीबाहेर १५ ॲलानिनची (हे एक अमिनो आम्ल) सलग माळ असते. ती २२ किंवा जास्त झाली की बोटं जुळलेली आणि जास्तीची येतात, आणि चौकट मात्र शाबूत असते.

तेव्हा शब्द 'होमिओबॉक्स' हाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'चौकट' म्हणून उलगडावा. जनुक नपुंसकलिंगी: ते जनुक, ती जनुकं.