माझगावच्या टेकडीवरच्या बागेखाली पाण्याची टाकी आहे म्हणतात. खरं आहे का? तिचा इतिहास काय?

खरं आहे. मुंबईतल्या डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची ही भंडारवाडा टेकडी. तिच्यावरची जोसेफ बाप्टिस्टा बाग म्हणजे त्या टाकीचं छप्परच. माझं लहानपण टेकडीच्या पायथ्याशी गेलं. पायाखाली पाणी आहे हे आजोबांनी सांगितलं, तेव्हा मी हिरवळीवर आडवा पडून जमिनीला कान लावला होता.

पाण्याच्या आधी इथे इंग्रजांचा किल्ला होता. वर उभं राहिलं की कारण कळतं, पूर्वेला अख्खं बंदर नजरेत येतं. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला, त्याने माझगाव घेतलं आणि १६९० च्या जूनमध्ये परत जाताना किल्ला उद्ध्वस्त केला.

टाकी १८८४ ची. मुंबई तोवर विहिरी आणि तलावांवर जगत आली होती. १८५४ च्या टंचाईने सगळ्यांचे डोळे उघडले, मग मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव झाला. पण नुसतं पाणी शहरात आणून भागत नाही. सकाळी सगळे नळ एकदम सुटले की पाण्याचा दाब कमी होतो. म्हणून वस्तीजवळ, उंचावर साठा हवा. मागणी कमी असताना टाकी भरून घ्यायची आणि वेळ झाली की खाली सोडायची. विहार या टेकडीहून उंच आणि टेकडी वस्तीहून उंच, त्यामुळे पाणी उताराच्या जोरावरच येत असे. मला यातली ही साधी हुशारी सगळ्यात आवडते.

माझगाव, डोंगरी, फोर्ट, कुलाबा या भागांना आजही इथून पाणी जातं. पालिकेच्या चावीवाल्याने पाणी सोडायची चावी फिरवली की आमच्या चाळीत नळ आधी फुसफुसायचा. आई म्हणायची, "टेकडीवरून सुटलं!" आणि नळाखाली बादली सरकवायची.

बागेला नाव आहे ते जोसेफ बाप्टिस्टांचं, म्हणजेच काका बाप्टिस्टांचं. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. जन्म इथलाच, माथारपाखाडी या माझगावातल्या जुन्या वस्तीतला. ज्या पालिकेचे ते महापौर झाले तिच्याच टाकीवर त्यांचं नाव आहे, हे मला फार योग्य वाटतं. बागेत गेलात तर माथारपाखाडीही बघून या, चालत जाता येतं. बाहेरून लाकडी जिने असलेली जुनी घरं तिथे अजून उभी आहेत.