पिशवीवरच्या यादीतून कळणारे आणि न कळणारे

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. ती पहिल्यापासून कोरडे तयार खाद्य खाते आणि तिची तब्येत उत्तम आहे. अलीकडे मात्र पिशवीवरची घटकांची यादी वाचू लागल्यापासून मी धास्तावले आहे. यादीत पहिले नाव ताज्या चिकनचे असावे, 'चिकन मील' आणि 'बाय-प्रॉडक्ट' म्हणजे टाकाऊ माल, धान्य तर असूच नये, असे सगळे सांगतात. यादीवरून दर्जा खरोखर ओळखता येतो का? आणि खाद्य सुरक्षित आहे याची खात्री कशी करायची?

उत्तर : खाद्यात कोणकोणते पदार्थ आहेत ते यादीवरून कळते. ते पदार्थ कोणत्या प्रतीचे होते, किती ताजे होते आणि कारखान्यात येताना कोणी तपासले, हे मात्र यादीवरून कळत नाही. आपली काळजी रास्त आहे, पण आपण ती चुकीच्या जागी खर्च करीत आहात, असे मला मनापासून वाटते.

आधी यादीविषयी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि ते वजन खाद्य शिजवून वाळवण्यापूर्वीचे असते. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते. म्हणजे मिश्रणात 20 किलो चिकन आणि 18 किलो मका घातला, तर यादीत चिकन पहिले येईल. परंतु वाळल्यावर चिकनचे जेमतेम 6 किलो उरतील आणि मक्याचे जवळपास 16. 'मील' म्हणजे तेच मांस शिजवून, चरबी आणि पाणी काढून केलेली भुकटी. तिच्यात पाणी फार थोडे असल्यामुळे यादीत तिसऱ्या क्रमांकावर असलेली भुकटी पहिल्या क्रमांकावरच्या ताज्या मांसापेक्षा अधिक प्रथिने देत असू शकते. एकच धान्य किंवा कडधान्य तीन नावांनी विभागून लिहिण्याची पद्धतही आहे. वाटाणा, वाटाण्याची प्रथिने आणि वाटाण्याचा तंतू ही तीन नावे एकत्र केली, तर तो एकटा वाटाणाच कदाचित यादीच्या शिरोभागी जाऊन बसेल.

'बाय-प्रॉडक्ट' या शब्दाची बदनामी मला अन्यायकारक वाटते. त्यात प्रामुख्याने यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, प्लीहा असे अवयव येतात. माणसे ते सहसा ताटात घेत नाहीत, पण अ जीवनसत्त्व, लोह आणि तांबे यांच्या बाबतीत यकृताची बरोबरी स्नायूंचे मांस करू शकत नाही. मी फक्त प्राण्याचे नाव पाहतो. 'चिकन बाय-प्रॉडक्ट' असे लिहिलेले असेल तर पदार्थ कशाचा आहे ते कळते. नुसतेच 'मीट मील' असेल तर तो दर खेपेस वेगळ्या प्राण्याचा असू शकतो आणि ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा मोठाच अडथळा ठरतो.

धान्याची भीती आपण सोडून द्यावी. लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना 2013 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी अधिक असल्याचे दिसले; माणसाच्या सोबतीने राहताना तो धान्य पचवायला शिकला आहे. खाद्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्येही गोमांस, दुधाचे पदार्थ आणि चिकन हीच कारणे गव्हापेक्षा अधिक आढळतात. उलट, धान्य काढून त्याजागी वाटाणे, मसूर यांसारखी कडधान्ये भरपूर घातलेल्या खाद्याचा हृदयाचे स्नायू ताणून कमकुवत होण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण प्रश्न निकालातही निघालेला नाही. त्यामुळे पशुवैद्याने सांगितल्याखेरीज धान्यविरहित खाद्याकडे वळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता सुरक्षिततेकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच आहे. 2007 साली उत्तर अमेरिकेत अनेक कुत्री आणि मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांच्या खाद्याच्या यादीत 'गव्हाचे ग्लुटेन', म्हणजे गव्हातली प्रथिने, असा अगदी साधा शब्द होता. प्रत्यक्षात त्या मालात मेलामाइन हे प्लॅस्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते. प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत खरे तर नायट्रोजन मोजला जातो आणि मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. म्हणून निकृष्ट माल कागदावर भरपूर प्रथिनांचा दिसला. 2019 च्या सुरुवातीला जीवनसत्त्वांच्या मिश्रणात ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेल्यामुळे डबाबंद खाद्य परत मागवावे लागले. 2020 च्या अखेरीस मक्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन खाद्यात उतरले आणि ते खाद्य खाल्लेली शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. हे विष डोळ्यांना दिसत नाही, शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही आणि धान्याच्या ढिगात ते सारखे पसरलेलेही नसते, त्यामुळे एखाददुसरा नमुना तपासून भागत नाही. या तिन्ही वेळी पिशवीवरची किंवा डब्यावरची यादी कितीही बारकाईने वाचली असती, तरी कोणालाही काही कळले नसते.

म्हणून मी वाचकांना सांगतो की यादीवर जेवढा वेळ घालवता, त्याच्या निम्मा वेळ उत्पादकाला पत्र लिहिण्यात घालवा. खाद्याचे सूत्र कोणी तयार केले, त्या व्यक्तीचे पशुपोषणात प्रत्यक्ष शिक्षण झाले आहे का, कारखाना स्वतःचा आहे की दुसऱ्याकडून माल बनवून घेतला जातो, येणारे धान्य बुरशीच्या विषासाठी आणि तयार खाद्य साल्मोनेला जंतूंसाठी प्रत्येक बॅचमध्ये तपासले जाते का, आणि निकाल हाती येईपर्यंत ती बॅच गोदामातच थांबवली जाते का, एवढे विचारावे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या उत्पादकाजवळ ही उत्तरे तयार असतात. जो 'आमचे खाद्य नैसर्गिक आणि प्रीमियम आहे' एवढेच कळवतो, त्याचे खाद्य मी माझ्या कुत्र्याला घालणार नाही. यांतील 'प्रीमियम' या शब्दाला दर्जाची कोणतीही ठरलेली व्याख्या नाही.

पिशवीवरचे एक वाक्य मात्र अवश्य शोधावे : हे खाद्य कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी 'संपूर्ण व संतुलित' आहे. अमेरिकेतील 'ॲफ्को' आणि युरोपातील 'फेडियाफ' या संस्थांनी त्यासाठी पोषणाची प्रमाणे ठरवलेली आहेत. 'पूरक' असे लिहिलेले खाद्य रोजचे मुख्य अन्न म्हणून कधीही देऊ नये.

प्रश्न : डबाबंद ओल्या खाद्यावर 8 टक्के प्रथिने लिहिलेली आहेत आणि कोरड्या खाद्यावर 24 टक्के. ओले खाद्य म्हणजे नुसते पाणीच का?

उत्तर : दोन्हींतले पाणी वजा करून तुलना करावी. डब्यात 78 टक्के ओलावा असेल तर कोरडा अंश 22 टक्के राहतो आणि त्यातली 8 म्हणजे सुमारे 36 टक्के प्रथिने होतात. कोरड्या खाद्यात 10 टक्के ओलावा धरला तर तोच आकडा 27 च्या आसपास येतो. प्रथिनांच्या बाबतीत आपला डबा सरस आहे.

प्रश्न : मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून आम्ही ती घेतो, खाद्य प्लॅस्टिकच्या डब्यात ओततो आणि पिशवी टाकून देतो. यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो सहज टाळता येतो. हवा लागली की खाद्यातली चरबी हळूहळू खवट होते, म्हणून पिशवी उघडल्यापासून पाच-सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्यावी. खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी तशीच झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा कोरड्या, थंड जागी असावा. डब्यात थेट ओतल्यास जुन्या खाद्याची चरबी आतून चिकटून राहते आणि नव्या मालालाही तिचा खवटपणा लागतो. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पिशवीवरच असते. एखादी बॅच परत मागवली गेली, तर पिशवी टाकून दिलेल्या घरात ती ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

नवी पिशवी उघडल्यानंतर कुत्र्याने एकाएकी खाणे सोडले, त्याला उलट्या झाल्या, ते सुस्त पडले, नेहमीपेक्षा खूप पाणी पिऊन वारंवार लघवी करू लागले किंवा त्याच्या हिरड्या आणि डोळे पिवळसर दिसू लागले, तर ते खाद्य त्याच क्षणी थांबवावे. उरलेले खाद्य फेकू नये. पिशवीसह बांधून ठेवावे, बॅच नंबरचा फोटो काढावा आणि कुत्र्याला घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.